भिंगरीचं बसणं

लिफ्टवाला भिंगरी खुर्च्यावाल्या काकांना फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. एका इमारतीत इतकी वर्षं काढली, तरी त्याला कुठलं गाणं आवडायचं, तो देवाला मानायचा की नाही, रात्री त्याला झोप लागायची का, यातलं काहीच काकांना सांगता आलं नसतं. काका तळमजल्यावर, तो सहाव्यावर. काकांचं दार दिवसभर उघडं, आणि तो दिवसातून कितीतरी वेळा त्या दारासमोरून जायचा. तेवढीच ओळख. जाताना शर्टाचा कोपरा दिसायचा, हत्यारांच्या पिशवीचा खुळखुळाट ऐकू यायचा आणि मागोमाग "काय काका" एवढे दोन शब्द. काका "बरं आहे" म्हणेपर्यंत तो पहिला मजला ओलांडून गेलेला असायचा. निम्मं उत्तर जिन्यालाच मिळायचं.

हो, जिन्याला. आसपासच्या निम्म्या लिफ्ट ज्याच्या हाताखालून गेल्या, तो माणूस स्वतः लिफ्टने कधी जात नसे. लिफ्टची वाट बघायची म्हणजे एका जागी उभं राहायचं, आणि आत शिरलं की पुन्हा उभं राहायचं. ते त्याला सोसत नसे. "लिफ्ट आळशी माणसांसाठी असते काका," तो एकदा जाता जाता म्हणाला होता, "आणि आळशी माणसांवर माझं पोट आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही."

त्याला भिंगरी हे नाव कुणी दिलं ते काकांना ठाऊक नाही. पायाला भिंगरी बांधलेली म्हणतात, तशी ह्याच्या हातांना, मानेला, जिभेलाही बांधलेली होती. चहा उभ्याने प्यायचा. जेवण ओट्याशी उभं राहून उरकायचा, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्याची बायको कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. काकांचे सदरे तिच्याकडे जायचे, म्हणून कधीमधी बोलणं व्हायचं. एकदा ती म्हणाली, "आमच्या लग्नाच्या फोटोत मी अगदी स्पष्ट आलेय काका. शेजारी थोडा धूर आहे, ते आमचे हे." आणि न हसता इस्त्री फिरवत राहिली.

काकांचा धंदा बरोबर उलटा. लोकांच्या बसण्यावर त्यांचं पोट. वेताच्या खुर्च्यांच्या फाटलेल्या बैठका उसवायच्या, नवा वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा, भोकाभोकातून ओवत जाळी विणायची. वेत सुकला की जाळी आपोआप ताणून घट्ट होते. या कामाला घाई चालत नाही. खोलीत कायम दहा-बारा खुर्च्या, काही नुकत्या विणलेल्या, काही बिनपोटाच्या, आणि मधे एक लांबलचक टेबल. इतक्या वर्षांत भिंगरी त्यातल्या एकाही खुर्चीवर टेकला नव्हता. काकांनीही आग्रह केला नव्हता. त्यांना आग्रह करणं जमत नसे. समोरचा हो म्हणून बसलाच तर पुढे बोलायचं काय, ही पंचाईत.

बसायची ती त्याची लेक. लहानपणी वजन वाढेना म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे, आणि आता आईपेक्षा उंच झाली तरी मुंगीच. आई लाँड्रीत, बाबा कुठल्याशा लिफ्टच्या डोक्यावर, म्हणून शाळा सुटली की ती काकांकडे दप्तर टाकायची आणि धड बैठक असलेली खुर्ची शोधून अभ्यासाला बसायची. काकांना जे काही कळलं ते तिच्याकडूनच. आता ती अठरा वर्षांची होत होती, आणि वाढदिवस झाला की लगेच नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात, वसतिगृहात जाणार होती.

"आमच्याकडे अठराव्याला पातेलं असतं," तिने एकदा सांगितलं.

"पातेलं म्हणजे?"

"पातेलंच. आजी पहाटेपासून रस्सा शिजवते. हाडं, कांदे, बटाटे, मिरी. झाकणाची कड पिठाने लिंपून टाकते आणि मधे उघडून बघत नाही. तिच्या आजीपासून तसंच चालत आलंय. अठरा पूर्ण होईपर्यंत पोरांनी ओगराळ्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र ज्याचा वाढदिवस, त्यानेच सगळ्यांना वाढायचं. सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात, स्वतःचं शेवटी. आणि त्याचं वाडगं रिकामं होईपर्यंत टेबलावरून कुणी उठायचं नाही."

"कुणीच नाही?"

"आजी म्हणते, पातेल्यावरून उठला तो घरातून उठला." मुंगी शेजारच्या बिनपोटाच्या खुर्चीतून पाय आतबाहेर करत होती. "म्हणून बाबाकडे मी दुसरं काही मागितलंच नाही. ड्रेस नको, मोबाइल नको. म्हटलं, माझ्यासमोर बस आणि माझं जेवण होईपर्यंत बसून दाखव. एकदाच."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, हात्तिच्या, त्यात काय एवढं. आणि हे म्हणता म्हणता दारापर्यंत पोचला पण."

काका हसले. ती हसली नाही. "तिकडे कुणी विचारलं ना, तुझा बाबा दिसतो कसा," ती म्हणाली, "तर मला फक्त त्याची पाठ सांगता येईल."

पुढच्याच दिवशी भिंगरी नेहमीसारखा दारासमोरून गेला, आणि परत आला. उंबऱ्यावर उभा राहून इकडेतिकडे बघू लागला.

"काका, एक खुर्ची द्या."

"घरी न्यायला?"

"नाही हो, बसायला. सवय करतोय."

काकांनी त्यातल्या त्यात भक्कम खुर्ची पुढे केली. भिंगरीने आधी बैठक दाबून बघितली, मग खुर्ची उलटी करून पायांचे सांधे तपासले, आणि मग डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसा बसला. दोन्ही तळहात गुडघ्यांवर.

"असं?"

"असंच," काका म्हणाले.

"मग पुढे काय करायचं असतं?"

"पुढे काही नाही. बसून राहायचं."

"नुसतं?"

"लोक गप्पा मारतात."

"मग मारा की."

काकांना काही म्हणजे काही सुचेना. त्यांनी मान खाली घालून वेत ओवायला घेतला. थोड्या वेळाने खुर्ची कुरकुरू लागली. भिंगरीचा उजवा पाय हलत होता. त्याने त्यावर हात दाबला, तर डावा सुरू झाला.

"तुमचा नळ ठिबकतोय," तो म्हणाला.

"ठिबकू दे. जुना आहे."

"वायसर गेलंय."

"जाऊ दे रे."

"जाऊ दे कसं? रात्रभर टपटप ऐकत झोपता?"

काकांनी मान वर केली तर खुर्ची रिकामी. हा मोरीत, नळाची मान काढलेली, दातांत स्क्रू. नळ दुरुस्त झाल्यावर त्याने हात पुसले, वळून खुर्चीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बघितलंत? उठलो कधी ते मलाच कळलं नाही." तो हसत होता, पण चेहरा पेपर कोरा देऊन आलेल्या पोरासारखा झाला होता. "उद्या येतो परत."

तो रोज येऊ लागला, आणि रोज काही ना काही दुरुस्त होऊ लागलं. दाराची कडी झाली, दिव्याचं बटण झालं, टेबलाचा लंगडा पाय सरळ झाला. दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नाही तेव्हा त्याने भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ उघडलं. त्यानंतर ते पुढे पळायला लागलं. काकांना वाटलं, ह्याला पण लागण झाली.

"त्या दिवशी फोनचं काय करणार?" काकांनी धीर करून विचारलं.

"फोन जोडीदाराकडे. त्याला बजावलंय, लिफ्ट आभाळात गेली तरी मला सांगायचं नाही."

"मग झालं तर."

"आपली राहते ना." तो छताकडे बघत म्हणाला. जोडीदार म्हणजे त्याच्याबरोबर काम करणारा दुसरा मेकॅनिक. पण या इमारतीची लिफ्ट एकट्या भिंगरीची. "मेली नेमकी तेव्हाच अडकेल. माझ्या भिंतीपलीकडे कुणीतरी आतून दार बडवत असेल आणि मी रस्सा भुरकत बसेन? कसा बसेन, सांगा तुम्ही."

 याचं उत्तर भिंगरीने स्वतःच शोधलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी काका दूध आणायला बाहेर पडले, तर लिफ्टच्या दाराला पुठ्ठा लटकत होता. 'लिफ्ट बंद. संध्याकाळी सुरू.' मेन स्विचच पाडून टाकला होता. चालू नसलेली लिफ्ट अडकेल कशी? काकांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी मनातल्या मनात त्याला शाबासकीसुद्धा दिली.

दुपारी जेवणाच्या सुमाराला दारात टेम्पो थांबला. आधी जोडीदार उतरला, मग त्याने हात देऊन आजीला, म्हणजे भिंगरीच्या आईला उतरवलं, आणि मग दोघा-तिघांनी मिळून ते पातेलं खाली घेतलं. चांगलं दोघांनी कवेत घ्यावं एवढं, वर फडकी गुंडाळलेली. आजी काठी टेकत लिफ्टपाशी आली. पुठ्ठा वाचला. मग काठीच्या टोकाने त्यावर टकटक केलं.

"हे कुणाचं डोकं?"

भिंगरी जिना उतरत होता. नवा शर्ट, ओले केस. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना तो थबकला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून सगळ्यांना कळलं की कुणाचं डोकं. सहा मजले ही त्याच्या लेखी काही गोष्टच नव्हती. आईचे गुडघे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"सुरू करतो, आई. दोन मिनिटं."

"कर."

तो जागचा हलला नाही. त्याचं न हलणं इतकं नवलाचं होतं, की मागून आलेली त्याची बायको घाबरली. "अहो, काय झालं?"

"ब्रेक खोललाय."

"कुठला ब्रेक?"

"लिफ्टचा. म्हटलं बंदच आहे, तर नुसती कशाला ठेवायची, साफ करून घेऊ. सगळे भाग वर रॉकेलमध्ये भिजत घातलेत. जोडायला दोन तास तरी लागतील."

 मग त्याची बायको तिथेच पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "जन्मात पहिल्यांदा बसायला निघालेत," ती सासूला म्हणाली, "तर अख्खी बिल्डिंग बसवून ठेवली."

"मी आजींना पाठीवर घेतो," जोडीदार म्हणाला.

"मला काय पोतं समजलास? आणि त्या पातेल्याला कुठे घेशील, डोक्यावर? हिंदकळून झाकण सुटलं म्हणजे? पहाटेपासून मी त्यात डोकावले नाही, ते काय जिन्यात उघडायला?"

एव्हाना मुंगी खाली आली होती, आईची कानातली घालून, दोन मैत्रिणींना घेऊन. तिने आजीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, बाबाकडे बघायचं टाळलं आणि काकांच्या उघड्या दाराकडे वळली. काका ओला वेत हातात धरून दारातच उभे होते. पुढे काय येणार ते त्यांना दिसत होतं. पण दिवसभर उघडं असलेलं दार नेमकं तेव्हाच लावणं फार वाईट दिसलं असतं.

"काका, तुमचं टेबल लांब आहे ना."

"टेबल आहे," काका म्हणाले. "पण खुर्च्या गिऱ्हाइकांच्या आहेत."

"जपून बसू."

"काहींना बैठकच नाही."

"त्यांच्यावर फळ्या टाकू."

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की काकांना नको म्हणायला वेळच सापडला नाही. मैत्रिणींनी वेताच्या भेंडोळ्या उचलून कोपऱ्यात रचल्या. लाँड्रीतून धुतलेली चादर आली आणि टेबलावर पसरली. वरून वाडगी, पावाच्या टोपल्या, केक, पाण्याचे जग असं जिन्याने हातोहात उतरू लागलं. भिंगरी वर-खाली, वर-खाली करत होता आणि त्या धावपळीत चक्क खूश दिसत होता. त्याची बायको काकांच्या कानाशी येऊन म्हणाली, "बघा, बसायची वेळ लांबतेय तोवर कसा खुलतोय माणूस."

शेवटी आणायचं काही उरलं नाही. सगळे बसले. टेबलाच्या एका बाजूला मधे मुंगीची खुर्ची, तिच्या बरोबर समोर भिंगरीची. तो बसला. बसल्या बसल्या त्याने दोन्ही पावलं खुर्चीच्या पुढच्या पायांना मागून अडकवून घेतली. शेजारी बसलेल्या काकांना ते दिसलं.

मुंगीने सुरीने पिठाचं लिंपण खरवडून झाकण काढलं. वाफ छतापर्यंत गेली आणि खोलीतला ओल्या वेताचा वास पार हरवला. तिने ओगराळं हातात घेतलं.

"सगळ्यात म्हातारं कोण?"

"ह्यांना वाढ," आजीने काठीने काकांकडे दाखवलं.

काका गडबडले. "छे छे. तुम्ही मोठ्या."

"मी? माझे दात अजून माझे आहेत. तुमचे?"

काकांनी खाली बघितलं. सगळे हसले. अशा रीतीने मुंगीच्या मोठेपणाचं पहिलं ओगराळं परक्याच्या वाडग्यात पडलं. काही बोलायला हवं होतं, दोन शब्द, आशीर्वाद, असलं काहीतरी. काका पुटपुटले ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग आजीला वाढलं, मग भिंगरीला, आईला, जोडीदाराला, मैत्रिणींना.  स्वतःचं वाढून ती बसली आणि तिने पाव मोडला.

वाडग्यातल्या रश्शावर बारीक बारीक वलयं उठत होती. चष्मेवाल्या मैत्रिणीने टेबलाला हात लावून बघितला. "भूकंप होतोय का?"

"नाही," मुंगीची आई म्हणाली. "माझा नवरा आहे."

भिंगरीने पाय घट्ट केले. वलयं थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"त्याला हसू नका," आजी म्हणाली. ती पाव रश्शात बुडवून सावकाश खात होती. "आमच्या घरात खुर्च्या चार आणि माणसं नऊ. हा शेंडेफळ. उभ्यानेच वाढलाय. ह्याच्यासाठी खुर्ची रिकामी व्हायची तोवर ताटही रिकामं झालेलं असायचं. मग हा भावंडांच्या मागे उभा राहून, दोघांच्या मधून हात घालून जेवायचा. रुसला नाही कधी."

"आई, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? खरं तेच सांगतेय."

मुंगीने एकदाच वर बघितलं. ही गोष्ट तिने आधी ऐकली नसावी.

ती फार हळू जेवत होती. एक घास घ्यायची, चमचा ठेवायची, मैत्रिणीचं काहीतरी ऐकायची, पुन्हा समोर बघायची. काकांना आधी वाटलं ती मुद्दाम बाबाची परीक्षा बघतेय. मग वाटलं, तसं नसेल. तिचं वाडगं रिकामं झालं की सगळे उठणार, आणि उठले की तिचं जाणं सुरू होणार. हे तिला कळत असेल की नाही, कोण जाणे. काका आपले अंदाजच करत होते.

बाहेर वारा सुटला. इमारतीचं मोठं दार आपटलं. भिंगरीची मान वर गेली.

"मशीनच्या खोलीची खिडकी उघडी राहिलीय," तो म्हणाला, कुणालाच नाही असं. "धूळ जाईल सगळ्यावर. वर सगळं उघडं पडलंय." कपाळावर घाम आला होता. "लावून यायला एक मिनिट..." तो मुंगीकडे बघून थांबला. "नाही. काही नाही. चालू दे."

एवढ्यात दारात चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, दम लागलेला. "पुठ्ठ्यावर संध्याकाळ लिहिलंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ म्हणजे नेमकी कधी? मला गुडघे आहेत."

भिंगरी उठला. म्हणजे उठायला गेला. पावलं खुर्चीच्या पायांत अडकलेली, त्यामुळे खुर्चीही त्याच्याबरोबर वीतभर वर आली, आणि दोघं धाडकन खाली बसले. वेताची जाळी कर्रकन वाजली.  ती खुर्ची एका वकिलाची होती. पण टेबलावर कुणाचंच खुर्चीकडे लक्ष नव्हतं. आजीने काठी हातात घेतली होती. मुंगी आपल्या वाडग्यात बघत होती.

"बसलोय," भिंगरी म्हणाला. "बसलोय मी."

 मग मुंगी म्हणाली, "बाई, या ना. पिशव्या ठेवा तिथे. आम्ही जेवतोय, तुम्हीपण जेवा." तिने उठून त्यांना वाढलं, पाव दिला, आणि पुन्हा येऊन बसली. म्हणजे जेवण आणखी लांबलं.

अखेर तिच्या वाडग्याचा तळ दिसू लागला. तिचा हात पुन्हा ओगराळ्याकडे गेला.  तिने बाबाकडे बघितलं. तो दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, गाडीत उलटी दाबून बसलेल्या माणसासारखा बसला होता आणि तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. तिने हात मागे घेतला, पावाच्या तुकड्याने वाडगं पुसून काढलं आणि म्हणाली, "झालं माझं."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण उठलं कुणीच नाही. भिंगरीसुद्धा उठला नाही. मुंगीची नजर त्याच्या वाडग्यावर गेली होती. ते काठोकाठ भरलेलं होतं, वर चरबीची पांढरी साय धरलेली.

"बाबा, तू जेवलाच नाहीस."

"बसलो की पण."

"बसलास. जेवला का नाहीस?"

भिंगरीने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांसमोर सांगायची त्याला लाज वाटत असावी. "बसलं की गिळवत नाही गं मला," तो हळूच म्हणाला. "घास इथेच अडकतो. म्हटलं, आज बसणं महत्त्वाचं. जेवेन नंतर, ओट्याशी."

 काकांना वाटलं, आता मुंगी रडणार. मागितलं ते तिला पुरेपूर मिळालं होतं, आणि देणारा उपाशी बसला होता. तिने टेबलावरून हात लांब करून त्याचं वाडगं उचललं, गार रस्सा परत पातेल्यात ओतला, तळापासून ढवळला आणि गरम वाढला.

"ऊठ."

"नको नको, बसतो ना मी."

"ऊठ म्हणते ना. पण जायचं नाही. असा इकडे ये, माझ्या मागे उभा राहा आणि जेव."

"अगं, पातेल्याची रीत..." आजीने सुरुवात केली.

"माझं वाडगं रिकामं झालंय, आजी. तुझी रीत पूर्ण झाली. आता वाढणारी मी आहे."

आजीने काठी खाली ठेवली. "जीभ आईची," ती म्हणाली, आणि तिने आपलं वाडगं पुढे सरकवलं. "मलाही घाल थोडा."

भिंगरीने एकेक पाऊल सोडवलं, टेबलाला वळसा घालून आला आणि लेकीच्या खुर्चीमागे उभा राहिला. आणि जेवला. माणूस जेवतो म्हणजे काय ते काकांनी त्या दिवशी बघितलं. एकापाठोपाठ तीन वाडगी. पाव हवा असला की मुंगी आणि चष्मेवालीच्या मधून हात यायचा. तो बोलतही होता, जोडीदाराची टिंगल करत होता, बाईंना त्यांच्या गुडघ्यांवरून चिडवत होता. मोठं दार पुन्हा आपटलं. त्याने वर बघितलं, घास चावला, आणि तिथेच उभा राहिला. मुंगीला आता त्याला बघायला मान वळवावी लागत होती. ती सारखी वळवत होती.

केक झाल्यावर तो वर गेला, आणि टॉर्च धरायला मुंगीही गेली. लिफ्ट संध्याकाळी सुरू झाली. खाली वकिलाच्या खुर्चीची जाळी एका कडेला उसवली होती. ती काकांनी पुन्हा विणली.

मुंगी गेली. भिंगरी दारासमोरून जात राहिला. बसायचा सराव अर्थातच सुटला. फक्त मुंगीचा फोन तो काकांच्या खोलीत येऊन घ्यायचा, वर रेंज मिळत नाही म्हणायचा. इथून तिथे फेऱ्या मारत बोलायचा. "जेवलीस का? बसून ना? तू बसूनच जेव." काका खाली मान घालून वेत ओवायचे. परक्याचं बोलणं कानावर पडतंय म्हणून त्यांना संकोच वाटायचा, पण बाहेर जायचं तरी कुठे?

मुंगी शेवटच्या वर्षाला असताना भिंगरी गेला. झोपेतच. त्याच्या बायकोने नंतर लाँड्रीत काकांना सांगितलं, "सकाळी हाक मारली तर हलले नाहीत. तेव्हाच कळलं." इमारतीच्या लिफ्टला आता कंपनीचा माणूस येतो. तो लिफ्टने वर जातो, लिफ्टने खाली येतो, चांगला आहे. जिन्यात मात्र काही वाजत नाही, आणि काकांचं कामात लक्ष लागत नाही. इतक्या वर्षांत त्याला काहीतरी विचारायला हवं होतं असं वाटतं. काय विचारायचं ते अजूनही सुचत नाही.

गेला त्याच्या आदल्या दिवशी तो असाच दारासमोरून गेला होता, आणि दोन पायऱ्या चढून मागे आला होता.

"काका, कपाटाची पट्टी सुटलीय. लाकूड चिकटवायला काय लावू?"

"सरस लाव. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो."

"किती लागेल?"

"लहान डबी घे. मोठी उघडली की वाळून जाते."

"बरं," तो जिन्यावरून म्हणाला.